जिवंत बहिणीची तेरवी

सोमवारी दुपारी तीन वाजून वीस मिनिटांनी माझी मुलगी गेली. गुरुवारी तिला ताप आला. शुक्रवारी रक्त तपासलं, शनिवारी हॉस्पिटलात ठेवलं. रविवारी ती बोलली. सोमवारी बोलली नाही. डॉक्टर बाहेर आले आणि त्यांनी मान हलवली. मी घड्याळ पाहिलं. बायको भिंतीला टेकून खाली बसली.

पंधरा दिवसांनी मी शाळेत परत गेलो. जबलपूरच्या गोरखपूर भागातल्या एका हिंदी माध्यमाच्या शाळेत मी हिंदी शिकवतो, आणि वाचनालयाची किल्ली माझ्याकडे असते. वडील फॅक्टरीतल्या नोकरीसाठी इथं आले, मी इथंच जन्मलो. घरात मराठी आणि दाराबाहेर हिंदी यातच आयुष्य गेलं. मुलीला मराठी समजायची, उत्तर मात्र ती हिंदीत द्यायची. ती दुसऱ्या शाळेत अकरावीत होती. माझ्या शाळेत तिला कुणी पाहिलंही नव्हतं, पण ती गेल्याचं सगळ्यांना माहीत होतं. मी वर्गात शिरलो की नववीची मुलं एकदम गप्प होत. फळ्यावर माझ्या हातून मात्रा राहिली तरी कुणी खुसखुसायचं नाही. ती मुलं मला सांभाळत होती. त्या सांभाळण्यात मी आणखी एकटा पडत गेलो.

तसा तो वर्ग आधीही एक नव्हताच. कॉलनीतली मुलं खिडकीच्या बाजूला बसत, बाजारातल्या दुकानदारांची मुलं मधल्या रांगेत. दाराजवळच्या बाकावर एक मुलगी एकटी बसायची. ती सिहोरा गावची. आठवडाभर शहरात कांचघरला मामाकडे राहायची, शनिवारी शाळा सुटली की बसनं गावी जायची आणि सोमवारी सकाळच्या बसनं थेट शाळेत यायची. त्यामुळे सोमवारी तिच्या पायाशी कपड्यांची पिशवी असे. वर्गात तिला ‘सिहोरा एक्सप्रेस’ म्हणत. ती उशिरा आली की मागून कुणीतरी पुकारा करी, ‘यात्रीगण कृपया ध्यान दें.’ सगळे हसत. तीही थोडी हसे आणि बसे.

त्या वर्षी शनिवारचा शेवटचा तास अनुभव सांगण्यासाठी ठेवावा असा आदेश आला होता. भोपाळहून एक बाई आल्या आणि आम्हा शिक्षकांना एक दिवस शिकवून गेल्या. पद्धत साधी होती. मुलांच्या चिठ्ठ्या टाकून जोड्या लावायच्या. एका शनिवारी जोडीदाराला स्वतःची एक खरी गोष्ट सांगायची. पुढच्या शनिवारी जोडीदाराची गोष्ट आपण उभं राहून वर्गाला सांगायची, आणि ‘मी’ म्हणून सांगायची. ‘त्याची आई’ म्हणायचं नाही, ‘माझी आई’ म्हणायचं. बाई म्हणाल्या होत्या, दुसऱ्याच्या दुःखाला एकदा ‘माझं’ म्हटलं की मूल त्याची टिंगल करू शकत नाही.

स्टाफरूममध्ये या तासाची भरपूर चेष्टा झाली. गणिताचे सर मला पाहून म्हणत, “चलो भैया, रोने-धोने का पीरियड लग गया.” दुसरे विचारत, “आँसू कितने नंबर के आएँगे?” मी हसून पुस्तकं उचलत असे. मला ती पद्धत पटली होती. मी एकच नियम जास्तीचा घातला होता. गोष्ट सांगून झाली की सांगणाऱ्यानं जोडीदाराला बजावायचं, एवढं वर्गासाठी आणि एवढं फक्त तुझ्यासाठी. तो नियम मी फळ्यावर लिहिला, मुलांकडून वहीत उतरवून घेतला.

वर्गाची संख्या विषम होती. चिठ्ठ्या संपल्या तेव्हा ती दाराजवळ उभी राहिली.

“सर जी, मैं बच गई.”

“तो मेरे साथ बैठो.”

मागून आवाज आला, “गई एक्सप्रेस! हेडक्वार्टर पहुँच गई.”

आम्ही व्हरांड्याच्या पायरीवर बसलो. बाकीच्या जोड्या मैदानात पांगल्या होत्या. मी म्हटलं, सांग. तिनं मान हलवली. “पहले आप. आप बड़े हैं.”

मी काहीतरी हलकं सांगणार होतो. लहानपणी फॅक्टरीच्या भोंग्यावर आम्ही घड्याळ कसं लावायचो, तसलं काही. तोंड उघडलं आणि गुरुवार आला.

गुरुवारी सकाळी माझी मुलगी म्हणाली होती, “बाबा, आज नको ना. सिर दुख रहा है.” मी तिच्या कपाळाला हात लावला. गरम होतं. मी म्हटलं, टेस्ट आहे, पेपर देऊन ये आणि मग झोप. बावीस वर्षं मी पालकांचे अर्ज वाचत आलो आहे. परीक्षेच्याच दिवशी मुलांना ताप येतो हे मला पाठ आहे. मी बापाच्या हातानं कपाळ पाहिलं आणि मास्तरासारखं उत्तर दिलं. स्कूटरवर ती मागं बसली आणि तिनं डोकं माझ्या पाठीला टेकवलं. नेहमी ती टेकवत नसे. त्या जागी तिच्या तापाची ऊब लागत होती, तरी मी स्कूटर वळवली नाही. तिनं पेपर दिला. त्यात तिला किती मार्क मिळाले ते मी विचारायला गेलो नाही.

हे मी बायकोलाही सांगितलं नव्हतं. एका दिवसानं काही बदललं असतं का, हे कुठल्या डॉक्टरला विचारायची हिंमत मला आजवर झालेली नाही.

ती मुलगी पायरीवरच्या काडीनं फरशीच्या फटीतली माती उकरत ऐकत होती. मी थांबल्यावर तिनं विचारलं, “सर, इसमें से क्लास को कितना?”

मी म्हटलं, “पूरा.”

मग तिनं तिची गोष्ट सांगितली. ती सातवीत असताना तिच्या थोरल्या बहिणीनं दुसऱ्या जातीतल्या मुलाशी लग्न केलं आणि कटनीला गेली. वडिलांनी ठरवलं, मुलगी मेली. नुसतं बोलून ते थांबले नाहीत. त्यांनी मुंडण केलं, गावाला आमंत्रण दिलं आणि तेरवी घातली. अंगणात बहिणीचा फोटो मांडून हार घातला. पुरी आणि कद्दूची, म्हणजे भोपळ्याची, भाजी केली. पंगतीत मामा-मामी होते. आई वाढत होती. हिनंही जेवण केलं, कारण न जेवणाऱ्याकडे सगळे बघत होते.

“इतना क्लास के लिए,” ती म्हणाली. “बाक़ी आपके लिए.”

बाकी असं होतं. जेवताना तिनं एक पुरी फ्रॉकच्या खिशात लपवली. तेलाचा डाग पडला म्हणून मामी तिला ओरडली, खिशात कशाला ठेवलीस गं, घरी खायला मिळत नाही का? दुसऱ्या दिवशी, सोमवारी सकाळी, जबलपूरच्या बसस्टँडवर बहीण तिला भेटायला आली होती. हिनं ती पुरी तिच्या हातात दिली आणि कशाची ते सांगितलं. बहीण दोन मिनिटं पुरीकडे बघत राहिली. मग तिनं ती खाल्ली आणि म्हणाली, “कद्दू नहीं लाई?” दोघी बसस्टँडवर हसत सुटल्या. तेव्हापासून दर बुधवारी मामीच्या मोबाइलवरून ती बहिणीला फोन करते आणि नंबर पुसून टाकते.

“घर में पता चला तो पढ़ाई बंद,” ती म्हणाली. तिनं हे घाबरून सांगितलं नाही. बस कधी सुटते ते सांगावं तसं सांगितलं.

पुढच्या शनिवारी ती वर्गापुढे उभी राहिली. हात मागं बांधलेले. ती म्हणाली, “मेरी एक बेटी थी.” कुणीतरी हसलं आणि लगेच थांबलं. चौदा-पंधरा वर्षांची मुलगी म्हणत होती, मी शिक्षक आहे, माझ्या मुलीला ताप होता, मी तिला पेपरला सोडून आलो. पाठीला लागलेली ऊबसुद्धा तिनं सोडली नाही. मी शेवटच्या बाकावर बसून ऐकत होतो. माझ्या बोलण्यात असलेली सफाई तिच्या बोलण्यात नव्हती. तिनं मला माफही केलं नाही आणि दोषही दिला नाही. शेवटी म्हणाली, “बस इतना ही है,” आणि खाली बसली.

त्यानंतर मी तिची गोष्ट सांगितली, वर्गासाठी होती तेवढीच. मी सातवीत होतो, माझी बहीण जिवंत होती, मी तिची तेरवी जेवलो. पुरी माझ्यापाशीच राहिली.

त्या दिवसानंतर वर्गात खरंच काही बदललं. मला ते मोठं करून सांगायचं नाही. सोमवारी खिडकीजवळच्या दोन मुली सरकल्या आणि तिला मध्ये घेतलं. तिची पिशवी एकीनं स्वतःच्या पायाशी ठेवली. एक्सप्रेस हे नाव राहिलं, पण ती उशिरा आली की आता तेच लोक तिच्यासाठी वही उतरवून ठेवत. फळ्यावर माझी मात्रा राहिली तेव्हा कुणीतरी मोठ्यानं म्हणालं, “सर, मात्रा खा गए.” वर्ग हसला. मीही हसलो. कित्येक महिन्यांनंतर.

मी गोष्ट दिली त्या शनिवारी संध्याकाळी घरी आलो तर बायको स्वयंपाकघरात होती. कॉलनीतल्या एका मुलानं वर्गात ऐकलेलं आपल्या आईला सांगितलं होतं, आणि ती आई आमच्याकडे येऊन गेली होती.

“माहीत होतं मला,” बायको म्हणाली. “हॉस्पिटलात तिनंच सांगितलं होतं मला. म्हणाली, बाबाला बोलू नको, त्यांना वाईट वाटेल.”

“मग तू काहून नाही बोलली?”

“तिनं नको म्हटलं होतं ना.”

तिनं गॅस बंद केला आणि ताटं घेतली. त्यानंतर या विषयावर आम्ही बोललो नाही. पण तिला कळलं तर राग येईल, या भीतीनं मी जे चार महिने घरात वावरत होतो, ते संपले.

सहामाहीचे निकाल पालकांच्या हाती द्यायचे होते. त्या सभेत शनिवारच्या तासाचा नमुना दाखवावा, असं मुख्याध्यापिका बाईंनी ठरवलं. “बच्चे घबरा जाएँगे, सर. आप ही एक सुना दीजिए.” नियमानं माझ्याजवळ एकच गोष्ट होती. मी शुक्रवारी तिला बोलावून विचारलं. गावाचं नाव घेणार नाही, असंही सांगितलं.

तिनं विचार केला. “उतना ही ना सर, जितना क्लास में?”

“उतना ही.”

“ठीक है. मेरे यहाँ से तो कोई आता भी नहीं.”

सभागृहात दीडशेएक लोक असतील. मी बोलायला उभा राहिलो तेव्हा पुढची रांग मोबाइल बघत होती. मी म्हटलं, मी सातवीत होतो. एका कसब्यातलं आमचं घर. माझ्या बहिणीनं लग्न केलं आणि माझ्या वडिलांनी तिची तेरवी घातली. मोबाइल खाली गेले. अंगण, फोटो, हार, पंगत. बायका पदरानं डोळे पुसायला लागल्या. मी पंगतीपर्यंत आलो. तिथं मला थांबायचं होतं.

मी थांबलो नाही. यावर मी पुष्कळ विचार केला आहे. टाळ्यांचा मोह होता असं म्हणणं मला सोपं गेलं असतं, आणि थोडा तो असेलही. पण खरं कारण वेगळं आहे. गेलेली म्हणून जाहीर झालेली एक मुलगी बसस्टँडवर उभी राहून पुरी खाते आणि हसते, एवढी एकच गोष्ट मला त्या सबंध वर्षात भेटली होती. रात्रंदिवस ती माझ्या तोंडात होती. ती मला एकदा मोठ्यानं, माझी म्हणून, सांगायची होती. मी म्हटलं, मी एक पुरी खिशात लपवली. म्हटलं, मामी ओरडली. म्हटलं, माझ्या बहिणीनं ती पुरी खाल्ली आणि विचारलं, कद्दू नाही आणला?

लोक रडता रडता हसले. मी गावाचं नाव गाळलं होतं, मुलीचा मुलगा केला होता. आयुष्यभर पुस्तकं वाचणारा माणूस समजतो की एवढं केलं म्हणजे गोष्ट झाकली. चांगला तपशील टाकून द्यायला त्याचा हात धजत नाही. आणि घरची माणसं नेमक्या त्या तपशिलावरच गोष्ट ओळखतात.

मधल्या रांगेतून एक माणूस उठला, मांडीवरचं हेल्मेट हातात घेऊन. मी त्याला ओळखत नव्हतो. तो निकाल घ्यायला आलेला मामा होता. मी मुलींच्या रांगेकडे पाहिलं. ती उभी राहिली होती. तिच्या दोन्ही बाजूंच्या मुली अजून टाळ्या वाजवत होत्या.

मुख्याध्यापिका बाई मला म्हणाल्या, “सर, कमाल कर दिया आपने.”

सोमवारी ती आली नाही. मंगळवारी तिचे वडील आणि मामा आले, दाखला मागायला. मी ऑफिसात जाऊन बसलो. मी म्हटलं, चूक माझी आहे, मुलीची नाही. तिनं मला सांगितलं ते वर्गातल्या कामाचा भाग म्हणून सांगितलं.

वडील बुटके, शांत गृहस्थ होते. गोष्टीतल्या माणसासारखे मुळीच दिसत नव्हते. त्यांनी हात जोडले. “मास्टर साहब, आपकी बिटिया गई है, हमने सुना. इसलिए आपसे कुछ नहीं कहेंगे.”

“उस बच्ची को तो पढ़ने दीजिए,” मी म्हटलं. “नौवीं पूरी होने दीजिए.”

घरी विचारपूस झाली तेव्हा फोनचंही बाहेर आलं होतं. मामा म्हणाला, “दो साल मेरे घर में रहके मेरी बीवी के फोन से... और आप ताली बजवा रहे थे.”

“वो होशियार है,” मी म्हटलं.

“होशियार तो बड़ी वाली भी थी,” वडील म्हणाले आणि दाखला घेऊन उठले.

घरी मी सगळं सांगितलं. बायको म्हणाली, “तुमची गोष्ट बाहेर गेली तर शेजारीण येऊन माझ्याजवळ बसली. तुम्हाला लोकांनी चहा पाजला. तिची गोष्ट बाहेर गेली तर तिला घरात बसवलं. मुलांना ‘मी’ म्हणायला शिकवून राहिले तुम्ही. ‘मी’ म्हणून तुमचं काय गेलं?”

मी शनिवारी सिहोऱ्याला गेलो. बसमध्ये मला वाटत होतं, काहीतरी सांगून मी त्या माणसाचं मन वळवीन. दहावीला बाहेरून बसायचा फॉर्म मी चौकशी करून आणला होता. कसा भरायचा, कुठे द्यायचा, हे कागदावर लिहून ठेवलं होतं.

अंगणात मटारचा ढीग पडला होता. आई आणि ती शेंगा सोलत बसल्या होत्या. आईनं खुर्ची दिली, पाणी दिलं. वडील म्हणाले, सर आले आहेत, पाया पड. तिनं उठून नमस्कार केला. वडील फॉर्म बघत होते तेवढ्यात ती हळू म्हणाली, “पापा ने दीदी को फोन लगाया था. अब वो नंबर बंद है. उनको तो पता भी नहीं होगा कि मैं क्यों नहीं करती.”

मी विचारलं, कटनीत कुठं राहते ते माहीत आहे का? तिनं नाही म्हटलं. मग म्हणाली, “सर, आपसे कहा था ना.”

मी हो म्हटलं.

वडिलांनी फॉर्म घडी करून खिडकीत ठेवला. “देखेंगे,” ते म्हणाले. निघताना आईनं माझ्या पिशवीत मटार घातले. मी नको म्हटलं नाही. बायकोनं ते दुसऱ्या दिवशी शिजवले आणि आम्ही खाल्ले.

शाळेत मी बाईंना सांगून शनिवारचा तास सोडला. त्यांनी फार आग्रह केला नाही. एकदोन पालकांच्या तक्रारी आल्या होत्या, की मुलं घरचं बाहेर सांगायला लागली आहेत. तो तास गणिताला दिला गेला. गणिताच्या सरांनी चेष्टा केली नाही. खिडकीजवळच्या मुलींनी काही दिवस मला विचारलं, ती कधी येणार? मग विचारणं थांबलं. आता त्या माझ्याशी नीट वागतात, पण मला काही सांगत नाहीत. मात्रा राहिली तरी कुणी बोलत नाही.

ज्या मुलीनं माझ्या मुलीबद्दल माझ्या वतीनं सगळं सांगितलं, तिच्या बाबतीत मी एवढंच केलं.

फॉर्म भरायची तारीख गेल्या महिन्यात गेली. तो भरला नव्हता. ती सिहोऱ्यात घरी असते. तिची बहीण कुठे आहे ते कुणाला माहीत नाही. मी नववीला हिंदी शिकवतो.